गणगौर बुडाल्यानंतर

राजस्थानात एक म्हण आहे आणि माझी सगळी तक्रार तिच्यापासून सुरू होते. तीज येताना सण घेऊन येते आणि गणगौर जाताना सगळे सण घेऊन बुडते, असा तिचा मतलब. म्हणजे श्रावणातल्या तिजेला सणांचा हंगाम उघडतो आणि चैत्र शुद्ध तृतीयेला, गणगौरीबरोबर, पाण्यात जातो. मधला सगळा उन्हाळा रिकामा. जयपूरला बदली होऊन आलो तेव्हा कचेरीतल्या एका जुन्या जयपुरी गृहस्थांनी ही म्हण मला ऐकवली. तिच्यावर विसंबून आम्ही राजा पार्कात बिऱ्हाड केले. उन्हाळ्यात कोणी दार वाजवणार नाही, सामान सावकाश लावू, दुपारी एक ते चार आडवे होऊ, असा साधा हिशेब होता. म्हण पिढ्यान् पिढ्यांची, भाडेकरार अकरा महिन्यांचा. दोहोंपैकी पाळला गेला तो भाडेकरार.

चौकशी केल्यावर कळले, की म्हण खोटी नाही; राजा पार्कात तिचा अंमल चालत नाही, एवढेच. म्हण इथल्या मातीतली, आणि राजा पार्क वाढले ते फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आणि सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी. शेजारच्या आदर्श नगरात तर मुलतानहून आलेल्या जैनांचे मंदिर आहे. सवाई जयसिंगांनी १७२७ साली आखलेल्या जयपुरात रस्ते काटकोनात आहेत आणि बाजारांना भारदस्त नावे आहेत. परकोट्याबाहेरच्या, म्हणजे जुन्या तटबंदीबाहेरच्या, आमच्या भागात गल्ल्यांना नुसते क्रमांक आहेत. या मंडळींची घरे सुटली, शेते सुटली, दुकाने सुटली. सण बरोबर आले. इथे पोचल्यावर इथलेही सण मिळाले, त्यांना त्यांनी नाही म्हटले नाही. सुट्टीची म्हण मात्र कोणी त्यांच्या ताब्यात दिली नसावी. त्यामुळे राजा पार्कात हंगामात जयपूरचे सण होतात आणि हंगामाबाहेर पंजाबचे, मुलतानचे आणि सिंधचे.

आता क्रमाने सांगतो. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. होळी जळली की इथे दुसऱ्या दिवशी चैत्र लागतो. आपण अजून फाल्गुन वद्यातच असतो. म्हणजे पंधरा दिवस आमची गल्ली माझ्या पुढे असते आणि मला गाठता येत नाही. या पंधरवड्यात अष्टमीला बासोडा येतो. शीतळा मातेचा दिवस. चूल पेटवायची नाही, आदल्या रात्री केलेले थंड खायचे: राबडी, दह्या-भाताचा गोड ओलिया, पुए, बाजरीची भाकरी. यानंतर उन्हाळ्यात शिळे खायचे नाही, अशी समजूत. आता शिळे खाण्याचा सण आमच्याकडे वर्षभर चालतो. त्याला आम्ही फोडणीची पोळी म्हणतो आणि त्याची बाहेर वाच्यता करत नाही. इथे तेच ताटात मांडून, वर भरतकामाचा रुमाल घालून, शेजाऱ्याकडे सन्मानाने पाठवतात. ताट रिकामे परत करायचे नसते, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण आपल्या घरचे शिळे काय आहे हे अख्ख्या गल्लीला जाहीर करण्याची वेळ आमच्या घराण्यावर याआधी आली नव्हती.

मग गणगौर. आमच्या वरच्या मजल्यावर शेखावाटीकडचे कुटुंब आहे. त्यांच्या मुली-सुना होळीनंतर रोज उजाडायच्या आत हिरवी दूब आणि पाण्याचा कलश घेऊन येतात आणि गौरीला गाणी म्हणून जागवतात. गौर जागी होते की नाही ते मला माहीत नाही. मी होतो. चैत्र शुद्ध तृतीयेला तिची पाठवणी. परकोट्यात त्रिपोलिया दरवाज्यातून राजघराण्याच्या गणगौरीची मिरवणूक निघते, हत्ती, उंट, बँड, सगळा सरंजाम. इथवर माझी तक्रार नाही, कारण म्हणीप्रमाणे हा शेवटचा सण.

अडचण अशी, की नेमक्या त्याच तृतीयेला आमच्याकडे चैत्रगौर माहेरी येते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर राहते. एकाच तिथीला गौर वरच्या मजल्यावरून सासरी निघते आणि खालच्या मजल्यावर माहेरी उतरते. मध्ये फक्त जिना. देवीच्या येण्याजाण्यात पडण्याचा मला अधिकार नाही. पण दोन्ही घरची देवघेव एका दिवशी पडते त्याचे काय? वरून घेवर येतो, खालून आंबेडाळ आणि पन्हे जाते. पहिल्या वर्षी संध्याकाळी आंबेडाळीचे पातेले परत आले ते जड लागले. वरच्या आंटीजींनी डाळ कुकरला लावली होती आणि वर जिऱ्याचा तडका दिला होता. “बेटा, कच्ची रह गई थी,” त्या सौ.ला म्हणाल्या, आणि वर कोणाला सांगणार नाही असेही म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने सौ.ला डाळ शिजवायची किती वेळ ते सांगितले.

गणगौर बुडते. म्हणीच्या भाषेत दुकान बंद. चेटीचंड, म्हणजे सिंधी लोकांचा झूलेलालचा उत्सव आणि नवे वर्ष, चैत्र शुद्ध द्वितीयेला, म्हणजे गणगौरीच्या आदल्याच दिवशी होऊन गेलेला असतो. तो मुदतीच्या आत बसतो, म्हणून न्यायाने वागायचे तर मी तो तक्रारीत धरत नाही. पण बुडाल्याला आठवडा होत नाही तोच रामनवमी. मग हनुमान जयंती. मधेच एप्रिलच्या १३-१४ला बैसाखी. बैसाखीला मी एकदा कोथिंबीर आणायला म्हणून बाजारात गेलो आणि लंगरात जेवून परत आलो. मला जेवायचे नव्हते. ओळखीच्या एका पापाजींनी “बस मत्था टेक लो” एवढेच म्हणून आत नेले होते. गुरुद्वाऱ्यात मत्था टेकणे आणि पंगतीत बसणे यांच्यामध्ये बाहेर पडायचा रस्ता असेलही, मला तो सापडला नाही. घरी सौ.ने वरण-भाताचा कुकर लावून ठेवला होता. तो दुसऱ्या दिवशी बासोडा नसताना खावा लागला.

वैशाखात जागरणांना भर येतो. कोणाला मुलगा झाला, कोणाचा व्हिसा आला, कोणाचे दुकान चालले नाही, प्रत्येक कारणाला मातेचे जागरण हा एकच उपाय. गल्लीच्या दोन्ही टोकांना कनात बांधतात आणि रस्ता सतरंजी टाकून दिवाणखाना होतो. माझी स्कूटर कनातीच्या आत अडकली तर सकाळी ती मिळते. बाहेर राहिली तर मी मिळत नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम मी वाचून ठेवले आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातून फार तर पंधरा दिवस बारा वाजेपर्यंत सूट देऊ शकते. हे मी समोरच्या पापाजींना शांतपणे समजावून सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “तो माता को बारह बजे बोल दें कि घर जाओ?” यावर नियमावलीत उत्तर दिलेले नाही. शिवाय आमचा कूलर चालू असतो. रात्रीची ४५ डेसिबलची मर्यादा तो एकटाच मोडतो, तेव्हा पोलीस आलेच तर पहिला पंचनामा माझ्या खिडकीचा व्हायचा.

कूलरबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण राजा पार्कातली झोप त्याच्यावर चालते. इथली लू कोरडी. ओल्या गवताच्या पडद्यातून ती आत ओढली की पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खर्ची पडते आणि खोली गार होते. हवा जितकी कोरडी तितका गारवा जास्त. पहिला पाऊस पडून दमटपणा आला की तोच कूलर कुचकामी. म्हणजे ज्या महिन्यांत कूलर गारवा देतो त्याच महिन्यांत जागरणे असतात आणि त्याच्या घरघरीत भजने बुडतात, असे वाटेल. भजने बुडतात. मधल्या घोषणा बुडत नाहीत. रात्री अडीचच्या सुमारास गायक भजन थांबवतो आणि देणगीदारांची नावे रकमेसकट वाचतो. “मराठी भाईसाब की तरफ़ से इक्यावन रुपये, जोर से बोलो…” सगळी गल्ली जोराने बोलते. झोपेतून दचकून उठलेल्या माणसाला एकावन्न ही रक्कम सगळ्यांत कमी होती हेही त्याच वेळी कळते, कारण पुढचे नाव पाचशे एकांचे असते.

चंद्याला मी नाही म्हणत नाही, कारण मला इतिहास ठाऊक आहे. १७५०च्या डिसेंबरात मल्हारराव होळकर थकलेली खंडणी वसूल करायला जयपूरवर चालून आले. जयपूरचे राजे सवाई ईश्वरीसिंह यांच्याजवळ पैसे नव्हते. त्यांनी विष घेऊन जीव दिला. पुढच्याच महिन्यात, १७५१च्या जानेवारीत, शहर पाहायला आणि खरेदीला आत शिरलेल्या मराठ्यांवर जयपूरकर उठले आणि हजारो मारले गेले. येणे वसूल करताना किती ताणावे याचा हा धडा दोन्ही बाजूंना पुरेसा महाग पडला. आता उलटा व्यवहार चालू आहे. जयपूरकर दाराशी येतात, मराठी माणूस एकावन्न काढून देतो, पावती मिळते, कोणाच्या जिवाला धोका होत नाही. फक्त मल्हाररावांनी वसुली मोहिमेपुरती ठेवली होती. आमच्या गल्लीची समिती दर पंधरवड्याला येते, आणि आली की पाणी पिऊन, आंबेडाळ आता नीट जमते का ते विचारून जाते.

लग्नांचे वेगळे. लग्नाला मुहूर्त लागतो, आणि मुहूर्त मर्यादित असल्याने शेजाऱ्यांच्या सोसण्यालाही मर्यादा असते, ही आपल्याकडची व्यवस्था. राजस्थानात अबूझ सावा म्हणून एक प्रकार आहे: असा दिवस, की पंचांग उघडायचीच गरज नाही, येईल त्याने लग्न लावावे. आखा तीज, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, हा त्यातला मोठा दिवस. त्या दिवशी बालविवाह होऊ नयेत म्हणून सरकारला दरवर्षी डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवावा लागतो, आणि तो ठेवावा हेच बरे. मग पीपल पूर्णिमा. मग देव झोपायच्या आधी, आषाढात, भडल्या नवमी. तिन्ही गणगौर आणि तीज यांच्या मधल्या सुट्टीत. आखा तिजेच्या रात्री आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक वरात पंचवटी सर्कलकडून येते, दुसरी गोविंद मार्गाकडून, आणि दोन्हींच्या घोड्या समोरासमोर उभ्या राहतात. दोन्ही बँडांना एकच गाणे येत असल्याने कोण थांबणार हे ठरत नाही. याच शहरात जयसिंगांनी सावलीवरून दोन सेकंदांपर्यंतचा फरक दाखवणारे सम्राट यंत्र बांधले. पत्रिकेवर वरातीची वेळ सातची असते आणि नवरदेव आमच्या खिडकीखालून साडेअकराला जातो. अर्थात यंत्र सूर्यावर चालते आणि वरात सूर्यास्तानंतर निघते, हे मी जमेस धरतो.

मेच्या अखेरीस सूर्य रोहिणीत शिरतो आणि नौतपा लागतो. नऊ दिवस तापायचे. पुण्यात पारा एकोणचाळीसला गेला की आपण एकमेकांना फोन करतो. इथे चव्वेचाळीसला मी “काय हे ऊन” असे म्हटले, तर पानवाला म्हणाला, “अभी गर्मी आई कहाँ है.” राजस्थानी माणसाकडे उन्हाची तक्रार करण्यात अर्थ नसतो, कारण त्याच्याकडे फलोदी आहे. १९ मे २०१६ला फलोदीत ५१ अंश नोंदले गेले आणि देशाचा उच्चांक झाला. तेव्हापासून पन्नासच्या आत कोणाला गरम होत असेल तर तो त्याचा खासगी प्रश्न मानतात. मी खिशात कांदा ठेवतो, कानाला पंचा बांधतो आणि घरून पोटभर पाणी पिऊन निघतो. इथेच माझ्या सगळ्यांत मोठ्या तक्रारीची सुरुवात होते.

ज्येष्ठात गुरू अर्जनदेवांचा शहीदी दिवस येतो. १६०६ साली, जहांगीरच्या अमलात, लाहोरला ऐन उन्हाळ्यात गुरूंना तापल्या तव्यावर बसवले आणि अंगावर तापलेली वाळू ओतली, असे शीख परंपरा सांगते. त्यांच्या स्मरणार्थ या दिवसांत रस्तोरस्ती छबील लागते. मोठ्या टिपात कच्चे दूध, पाणी, गुलाबाचे लाल शरबत आणि बर्फाची लादी. येणारा कोण, कुठला, कुठल्या धर्माचा, हे न विचारता त्याला ते पाजायचे. त्या तव्याला हा समाज चारशे वर्षे गार पाण्याने उत्तर देतो आहे. एवढे कारण ऐकल्यावर तक्रार करायला तोंड राहत नाही. राहिलेच तर तोवर त्यात शरबत असते.

कारण मान्य करूनही पद्धतीबद्दल बोलता येते. पाजणारी मुले टेबलामागे उभी राहत नाहीत. ती रस्त्याच्या मधोमध, दोन्ही हात पसरून उभी राहतात, त्यामुळे थांबायचे की उडवायचे एवढेच दोन पर्याय स्कूटरवाल्यापुढे उरतात. मी थांबतो. “लो जी.” मी आत्ताच पाणी पिऊन निघालोय म्हणतो. “पानी थोड़ी है जी, शरबत है.” मला साखर आहे म्हणतो. “सेवा का मीठा नहीं लगता जी.” हे वैद्यकीय मत देणारा मुलगा आठवी-नववीतला असतो. मागचा गाडीवाला हॉर्न वाजवायला लागतो. त्याच्याही खिडकीतून ग्लास आत जातो आणि हॉर्न बंद होतो. अशा रीतीने रस्ता तुंबतो, पण तुंबलेल्यांपैकी प्रत्येकाचे तोंड भरलेले असल्याने आरडाओरडा होत नाही. वाहतूक पोलिसाच्या हातात दोन ग्लास असतात. शे-दोनशे पावलांवर पुढच्या गल्लीची छबील. आधीच्या टेबलावर प्यालो याचा पुरावा म्हणून मी ओठांवरची लाल मिशी दाखवली. ती पावती दुसऱ्या गल्लीत चालत नाही. नाशिककराला पंचवटी म्हटले की गोदावरी आठवते. आमच्या पंचवटी सर्कलला नदी नाही, पण त्या दिवसांत तिथून कोरडा गेलेला माणूस मी पाहिलेला नाही. कचेरीत पोचेपर्यंत माझी अवस्था काठोकाठ भरलेल्या माठासारखी होते. बसलो की हिंदकळतो.

मला या उधळपट्टीचे अर्थशास्त्रही कळत नाही. जयपूरचे पिण्याचे पाणी शंभराहून अधिक किलोमीटरवरून, टोंक जिल्ह्यात बनास नदीवर बांधलेल्या बीसलपूर धरणातून येते. त्याआधी शहराची तहान रामगढचा तलाव भागवायचा. १९८२च्या दिल्ली एशियाडमधल्या नौकानयनाच्या शर्यती त्याच तलावावर झाल्या होत्या. पुढे तो कोरडा पडला. अशा शहराने पाण्याच्या बाबतीत हात राखून वागावे. पुण्याच्या उशाला खडकवासला आहे, तरी आम्ही पाहुण्याला “पाणी हवंय का?” असे विचारतो आणि उत्तर नाही येईल अशा बेताने थांबतो. इथे पाणी जितके लांबून येते तितकी ते दुसऱ्याच्या घशाखाली घालण्याची घाई जास्त. नळाला पाणी आले नाही म्हणून सकाळी टँकरवाल्याशी भांडणारे पापाजी दुपारी त्याच टँकरच्या पाण्यात बर्फ फोडून त्याच टँकरवाल्याला पाजताना मी पाहिले आहेत. त्याच्याकडून त्यांनी पैसे कमी करून घेतले नाहीत. मी विचारले तर म्हणाले, “वो सुबह की बात थी.”

छबिलीतून सावरतो न सावरतो तोच निर्जला एकादशी. ज्येष्ठ शुद्ध एकादशी, वर्षातली सर्वांत कडक. वर्षभर उपास न झेपणाऱ्या भीमाने हा एकच केला, म्हणून भीमसेनी. सूर्य डोक्यावर असताना पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. आपल्याकडे एकादशी म्हणजे दुप्पट खाशी; साबुदाणा, वऱ्याचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस अशी सोय करून आपण धर्माला माणसाच्या आवाक्यात आणून ठेवले आहे. इथे बायका खरोखर पाणी पीत नाहीत. आणि स्वतः न पिणाऱ्या या बायका दिवसभर मांडवात उभ्या राहून दुसऱ्यांना शिकंजी, ठंडाई, आमरस पाजतात; मडकी, हातपंखे, आंबे, खरबुजे दान करतात. इतरांना न पिण्याची सवलत मिळायची तर एकच मार्ग, आपलाही उपास असणे. म्हणून एकदा मी “मेरा व्रत है” असे सांगितले. ग्लास ताबडतोब मागे गेला. त्याजागी खुर्ची आली, डोक्यावर ओले फडके आले, एका आजीबाईंनी, ज्यांचा स्वतःचा पहाटेपासून घसा कोरडा होता, मला पंखा घालायला घेतले, आणि निघताना व्रतस्थाला दान म्हणून पाण्याने भरलेले मडके आणि दोन खरबुजे दिली. दान नाकारायचे नसते. भरले मडके पायांत धरून गोविंद मार्गावरून स्कूटर आणणे या विषयावर मी अधिकाराने बोलू शकतो.

उत्सवांना शिस्त लावण्याच्या बाबतीत फ्रान्ससारख्या देशाकडून शिकण्यासारखे आहे. रस्त्यावर वाटेल त्याने वाटेल ते वाद्य वाजवावे असा संगीतोत्सव तिथेही असतो. पण तो २१ जूनला, आणि १९८२ साली जॅक लांग हे संस्कृतिमंत्री असताना त्यांच्या मंत्रालयाने तो रीतसर सुरू केला. १४ जुलैच्या राष्ट्रीय सणाला लहान लहान गावांत चौकात लांब टेबले लागतात, अग्निशमन दलाचे जवान नाचाची मैफल भरवतात, आतषबाजी होते, आणि झाले. ऑगस्टात तर पाववालासुद्धा दुकानाला वार्षिक सुट्टीची पाटी लावून गावाला जातो. उत्सवाला तारीख, आवाजाला मंत्रालय, विश्रांतीला पाटी. अशी व्यवस्था पाहिली की पुण्यातल्या दुकानांच्या दुपारी एक ते चार बंदच्या पाटीला जागतिक पाठिंबा असल्याची खात्री पटते. राजा पार्कात पाटी लावायची सोय नाही. मी दारावर “१ ते ४ आराम” असे हिंदीत लिहून लावले होते. तीन वाजता घंटी वाजली. आराम हे मराठी भाईसाबांचे नाव आहे का, असे नवा कुरियरवाला विचारत होता.

अखेर मी गल्लीच्या समितीकडे लेखी निवेदन दिले. त्यात मागण्या तीन. एक, गणगौर ते तीज या काळात ध्वनिक्षेपक नियमाप्रमाणे दहाला बंद व्हावा. दोन, छबिलीच्या दिवसांत प्रत्येक नागरिकाला रोज एकच ग्लास पाजावा आणि पाजल्याची शाई बोटाला लावावी. तीन, दुपारी एक ते चार घंटी वाजवू नये. निवेदनावर विचार करायला गच्चीवर सभा बोलावली. सभेच्या सुरुवातीला सगळ्यांना शिकंजी दिली गेली.

पहिल्या मागणीवर पापाजी म्हणाले की ध्वनिक्षेपकवाला रात्रीचा ठेका घेतो, दहाला बंद केला तरी पैसे पूर्ण घेईल, तेव्हा नुकसान कोणी सोसायचे? दुसरीवर सभा हसली. मला एकच ग्लास मिळतो अशी माझी तक्रार आहे, असा तिचा अर्थ लावला गेला आणि यापुढे मला दोन द्यावेत असे तोंडी ठरले. तिसरीवर मात्र गंभीर चर्चा झाली. “एक से चार तो लू चलती है,” वरच्या आंटीजी म्हणाल्या, “उसी टाइम तो आदमी घर पर मिलता है.” हे मुद्देसूद होते. मी मग मूळ तत्त्वावर आलो. म्हटले, तुमचीच म्हण आहे, गणगौर सण घेऊन बुडते. मग बैसाखी, जागरणे, सावे, छबील, निर्जला, हे सगळे त्यानंतर कसे? पापाजींनी आश्चर्याने माझ्याकडे पाहिले. “पर ये त्योहार थोड़ी हैं जी. गर्मियों में तो कुछ होता ही नहीं. त्योहार तो तीज से शुरू होंगे.” सभेने मान डोलावली. फाळणीनंतर आलेल्यांनाही म्हण ठाऊक होती, आणि त्यांच्या मते ती तंतोतंत पाळली जात होती.

मग त्यांनी विचारले, तुम्हा लोकांचे उन्हाळ्यात काही असते की नाही? प्रश्नात काळजी होती. महाराष्ट्राची अब्रू राखायला मी सांगितले की आमच्याकडे चैत्रगौरीचे हळदीकुंकू असते, महिनाभरात कधीही करावे, बायकांना बोलवावे, आंबेडाळ आणि पन्हे द्यावे. घरातल्या घरात, माणशी एक पेला, असेही स्पष्ट केले. सभेला ते फार आवडले. पुढच्या चैत्रात मराठी भाईसाबांचे हळदीकुंकू गल्लीतर्फे, रस्त्यावर मांडव घालून करायचे, असा ठराव लगेच मांडला गेला. महिनाभर चालते म्हणजे महिनाभर करायचे. पन्हे टिपात. आंबेडाळीची जबाबदारी आंटीजींनी घेतली. ती आधी शिजवून घेतली जाईल.

मी उभा राहून हरकत नोंदवली. पन्ह्यात साखर घालायची नसते, गूळ घालायचा असतो, वेलदोडा आणि केशर असेल तर उत्तम, पण गूळ हवाच. सचिवांनी ती हरकत शब्दशः लिहून घेतली आणि सभेपुढे वाचून दाखवली. इतिवृत्ताची प्रत दुसऱ्या दिवशी, दुपारी दोन वाजता, घंटी वाजवून माझ्या हातात दिली गेली. त्यात गुळाची सूचना मंजूर आहे, गूळ माझ्याकडून यायचा आहे, आणि ठरावाच्या उरलेल्या सर्व मुद्द्यांवर मराठी भाईसाबांची काहीही हरकत नाही, असे लिहिले आहे.